तू थांबवलेलं बिल्ड

इरफान, तुझ्या घरून परत आल्यावर मी ऑफिसचा ग्रुप उघडला तर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. त्या रांगेत मध्येच एक निरोप होता: "बिल्ड थांबवलेले आहे. इरफान यांच्या होकाराची वाट पाहत आहे."

निरोप एजंटचा होता. तू गेलास हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने तेच लिहिलं असतं, कारण ती ओळ मी बसवून दिलेली आहे. "होकाराची" की "परवानगीची" यावर आपण अर्धा तास घालवला होता. परवानगी सरकारी वाटते, असं तू म्हणालास. तुझं ऐकलं मी. फार वेळा ऐकलं नाही, त्या वेळी ऐकलं.

लोक मला विचारतात, इरफान नेमकं काय करायचा. माझ्या नवऱ्यानेही तुझ्या घरून येताना गाडीत विचारलं. मी सांगितलं, गोदामांत माल मोजायला हातात धरायची यंत्रं असतात ना, त्यांच्यातला प्रोग्रॅम आमची कंपनी बनवते. पाच-सहा जणांनी लिहिलेले तुकडे गोळा करायचे, जोडायचे, तपासायचे आणि गोदामांत पाठवायचे, या साखळीला पाइपलाइन म्हणतात, आणि तिच्या एका फेरीला बिल्ड. पूर्वी ती फेरी माणूस सुरू करायचा. आता एआय एजंट आलेत, म्हणजे सोपवलेलं काम आपलं आपण पुरं करणारे प्रोग्रॅम. त्यांना पाइपलाइन सुरू करता यावी म्हणून इरफानने एक साधन बनवलं, त्याचं नाव धोटा. आणि धोटा कसा वापरायचा ते मी लिहिते.

"म्हणजे त्याने बनवायचं आणि तू चुका काढायच्या," नवरा म्हणाला.

साधारण तसंच.

धोटा हे नाव ऑफिसात निम्म्या लोकांना कळलं नव्हतं. भिवंडीत राहून ज्याला धोटा माहीत नाही त्याला मी समजावत बसणार नाही, असं तू मीटिंगमध्ये सांगितलंस, आणि मग दहा मिनिटं समजावत बसलास: मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. एजंटचा निरोप घेऊन पाइपलाइनकडे जायचं आणि तिथलं उत्तर घेऊन परत यायचं, एवढंच याचं काम. हे तू इतक्या मोठ्याने सांगितलंस की बाजूच्या खोलीतून कोणीतरी दार लावून घेतलं. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. शाळेतही तू तसाच होतास. मागच्या बाकावरून कुजबुजायचास आणि ते बाईंना ऐकू जायचं. त्या काळात आपण दोन वाक्यंही बोललो नसू. मी शेलारहून यायचे, सुटली शाळा की घर. इतक्या वर्षांनी कशेळीच्या या ऑफिसात तू टेबलापाशी येऊन म्हणालास, "ए, तू शेलारची ना? पहिल्या बाकावरची. अजून तशीच रागात बसतेस." माझं नाव तुला आठवत नव्हतं. बाक आठवत होता.

तुला लिहायचा कंटाळा. म्हणून तू मला माहिती आवाजात पाठवायचास, तीही कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर. तुझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये हॉर्न आहेत, मागे येणाऱ्या कंटेनरची ट्यूं ट्यूं आहे, एकात तू एका रिक्षावाल्याला हिंदीत काय म्हणालास तेही आहे. ते मी धोट्याच्या माहितीच्या पानात घेतलं नाही. एजंट म्हणजे काय, हे तू मला तिथूनच सांगितलंस. "असं समज, नवीन माणूस कामाला लागलाय. फार हुशार. झोपत न्हाय, जेवत न्हाय, सुट्टी मागत न्हाय. फक्त एक प्रॉब्लेम हाय. थांब बोललेलं त्याला पटत न्हाय."

ऑफिसात तू साधी मराठी बोलायचास. हाय-न्हाय फक्त मला ऐकवायला, शेलारची म्हणून.

आपलं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. तू म्हणालास, पानात लिही, बिल्ड झालं नाही तर पुन्हा सुरू करावं. मी विचारलं, कितीदा? तू वैतागलास. "कितीदा काय? लिही ना. अक्कल असते वाचणाऱ्याला." मी म्हटलं, वाचणारा कोण आहे ते तूच सांगितलंस. माझी पानं आता माणसं वाचत नाहीत, एजंट वाचतात, हे तू मला आदल्याच आठवड्यात हसत हसत ऐकवलं होतंस, आणि मला ते लागलं होतं. तरी तुझ्या हट्टापायी ओळ तशीच गेली. एजंटने पान वाचलं, एक बिल्ड फसलं आणि त्याने ते पुन्हा सुरू केलं. मग पुन्हा. शनिवारभर तेच चाललं होतं. सोमवारी आलो तर ऑफिसातली सगळी मशीन त्याच एका बिल्डच्या मागे अडकलेली. तू माझ्या टेबलाशी आलास, खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, "मास्तरीण, लिही. तीनदा." तेव्हापासून मी मास्तरीण.

त्या सोमवारीच तू होल्डचं काम काढलंस. माणसाला कुठलंही बिल्ड थांबवता आलं पाहिजे, आणि ज्याने थांबवलं त्यानेच ते पुन्हा सुरू करायचं. एजंटने नाही, दुसऱ्या कोणीही नाही. हे कुठून आलं तेही तू सांगितलंस. तुमच्या लूमच्या शेडमध्ये तुटलेला धागा जोडायला कारीगर मागे जायचा, तेव्हा लूम बंद करून हँडलवर स्वतःचा गमछा टाकायचा. गमछा असेपर्यंत त्या हँडलला कोणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा. हा नियम तुझ्या अब्बांनी घातला होता. त्याआधी एकाने रिकामा लूम समजून हँडल ओढलं होतं, आणि मागे सलीमचाचांचा हात होता. तू लहान असताना सलीमचाचा उरलेल्या बोटांनी तुला टॉफी द्यायचे. बटणाचं नाव गमछा ठेवायचं तुझ्या मनात होतं. नितीनने ठेवू दिलं नाही. आपल्या टीमचा प्रमुख, आपल्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान. ग्राहकांना काय सांगायचं, म्हणाला. म्हणून होल्ड.

नियम मला पटला होता. पान लिहायला बसले आणि अडले.

"ज्याने थांबवलं तो रजेवर असला तर?" मी विचारलं.

"फोन करायचा."

"फोन बंद असला?"

"चालू होईपर्यंत थांबायचं. आभाळ कोसळत न्हाय."

"नोकरी सोडून गेला?"

"जाताना स्वतःचा गमछा घेऊन जाईल ना तो. कोण टाकून जातं?"

"मेला तर?"

तू हसलास. "किती पुढचं बघतेस गं. उद्या सांगतो."

हे उद्या बरेच महिने चाललं. मी ते पान "अपूर्ण" अशी खूण करून ठेवलं होतं आणि दर सोमवारी तुला दाखवायचे. त्याच्याच जोडीला दुसरा वाद होता. थांबवताना कारण लिहिणं सक्तीचं हवं, असं माझं म्हणणं. तू म्हणायचास, "कारीगरला कारण विचारतात का? त्याने थांबवलाय म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. लिहीत बसला तर तेवढ्यात कोणाचा तरी हात आत जायचा." म्हणून कारणाची जागा ठेवलीस, पण रिकामी सोडता येईल अशी.

मग त्या दिवशी दुपारी तू गोदामांत जाणारं नवं बिल्ड थांबवलंस. कारणाची जागा रिकामी सोडलीस. बॅग उचलून जाताना माझ्या टेबलावर दोन टकटक मारल्यास, नेहमीसारख्या. मी मान वर केली नाही, कारण वाक्य अर्धं होतं. सकाळी तुझ्या पुतण्याचा फोन आला.

त्यानंतर एजंट दिवसातून काही वेळा ग्रुपवर विचारत राहिला. सकाळी, दुपारी तीनच्या सुमारास, संध्याकाळी. इरफान यांच्या होकाराची वाट पाहत आहे. वर्तमानकाळात. लोकांनी त्या निरोपांचा आवाज बंद करून टाकला. कोणाला ते बघवत नव्हतं. मी बंद केला नाही. कामाचा निरोप आहे, कामाचे निरोप मी बंद करत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी नितीन आला. बिचारा अवघडून उभा होता.

"रेखाताई, कसं बोलू कळत नाही. गोदामवाले ओरडतायत. मी होल्ड सरळ डेटाबेसमधून काढून टाकतो."

"काढ आणि मग?"

"मग पुढच्या व्हर्जनमधून होल्डच काढू. एका माणसामुळे सगळं अडकलं, ही पद्धतच चुकीची आहे. एजंटला सगळं ठीक वाटलं तर त्याने सुरू करावं. इरफानभाईंबद्दल आदर आहे मला, पण."

त्याचं चूक नव्हतं, इरफान. मी तुला हेच सांगत होते. पण तो जे म्हणत होता ते झालं असतं तर माणसाने थांबवलेलं काहीही एजंटला सुरू करता आलं असतं, आणि पुढच्या वेळी कोणाचा तरी हात मागे असता. तू बनवलेल्या सगळ्यात हीच एक गोष्ट मला पूर्ण पटलेली होती, आणि तीच तुझ्या हट्टामुळे जाणार होती.

"शुक्रवारपर्यंत मला वेळ दे," मी म्हटलं. "पान लिहून देते."

"कुठलं पान?"

"राहिलेलं."

पहिलं काम, तुला काय दिसलं होतं ते शोधायचं. नितीन आणि मी मिळून बिल्डमधला एकेक बदल वाचला. काही सापडलं नाही. एजंटला विचारलं. त्याने लगेच सहा-सात शक्यता दिल्या, सगळ्या नीटनेटक्या, आणि शेवटी लिहिलं की खात्रीने सांगता येत नाही. तेवढं शेवटचं खरं होतं. मग मी हे बिल्ड चाचणीसाठी घातलेलं यंत्र घेऊन खालच्या गोदामात गेले आणि स्वतः माल मोजून बघितला. सुपरवायझर बरोबर आला. "इरफानभाई आल्ते हो त्या दिवशी सकाळी," तो म्हणाला. "हे मशीन घेऊन जरा फिरले. काय बोलले न्हाय. चाय घेतली नि गेले." कुठल्या रांगेत फिरले, हे त्याला आठवेना. मी सगळ्या रांगांत फिरले. खोकी होती, मोजली, जुळली.

घरी येऊन तुझी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली, सगळी. काही सांगून ठेवलं असशील म्हणून. शेवटच्या एकात तू म्हणतोस, "हां, तर मी कुठे होतो," आणि मग, "थांब, पुढचा हलला." तिथे संपतं. माझी मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. "आई, जेव आता," म्हणाली. ती मला असं कधी सांगत नाही.

बुधवारी मी तुमच्याकडे गेले. तुझ्या बायकोजवळ आत थोडा वेळ बसले. मग बाहेर तुझ्या मोठ्या बहिणीकडे, जुबेदाआपांकडे आले. तुमच्या अब्बांनंतर शेड त्यांनीच चालवली, हे तू अभिमानाने सांगायचास. तुला लूमचं काही कळत नाही म्हणून त्या तुला चिडवायच्या, हेही सांगायचास. आता लूम भंगारात गेले आणि शेडमध्ये कोणाच्या तरी चपलांचं गोदाम आहे. आपा खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि मी पिईपर्यंत थांबल्या.

"आपा, जायच्या आदल्या दिवशी तो कामाचं काही बोलला का?"

"काम घरी आणत नव्हता. डोकं जड झालंय बोलला. चार घास खाल्ले आणि पडला." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "काय विचारायचंय ते विचार. चाय प्यायला नाय आलीस तू."

मी सगळं सांगितलं. एजंट वगैरे त्यांना किती कळलं माहीत नाही. गमछा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"अब्बांचा कायदा तो."

"आणि कारीगर परत आलाच नाही तर?"

मी महिनोन्‌महिने तुला विचारत होते तो प्रश्न. आपांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढंही कसं कळत नाही.

"मग मी काढायचा. अस्लम म्हणून होता आपल्याकडे. गमछा टाकून बाहेर गेला, तार आली म्हणून तसाच मुलुखाला पळाला. तिथेच खलास झाला. इथे गमछा लटकलेला. कोण हात लावील? लूम तसाच उभा. अब्बा बोलले, जुबेदा, तू काढ. पण पहिलं मागे जाऊन सगळं बघ, हात फिरव. मग जोरात बोल, अस्लमचा लूम मी चालू करते. पुऱ्या शेडला ऐकू गेलं पाहिजे. पुढे काय झालं तर तुझ्यावर."

"इरफानला हे माहीत होतं?"

"माहीत काय, तोच बत्ती धरून माझ्या मागे होता. थरथरत होता नुसता. शाळेत होता तेव्हा."

मी कप खाली ठेवला. मला तुझा इतका राग आला की बाजूला आपा नसत्या तर मी तुझ्याशी मोठ्याने भांडले असते. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे शाळेत असल्यापासून होतं.

"मग त्याने मला का नाही सांगितलं?"

आपांनी माझा कप जवळ ओढला. "मला बोलला होता एकदा. ऑफिसात एक मास्तरीण हाय, तिला दार पाहिजे. मी दार ठेवलं तर सगळे तिथूनच जातील. थांबवणारा नुसता आजारी असला तरी जातील, जेवायला गेला असला तरी जातील. मागे जाऊन कोण बघतंय आता, बोलला. अब्बांच्या शेडमध्ये बघायचे." त्यांनी पदराने कपाची ओली कड पुसली. "बरोबर बोलला का चूक, तुला माहीत."

येताना रिक्षात मी तुला उत्तर देत होते. ते इथे लिहिते, कारण वाद माझ्याकडून अर्धा सोडायचा नाही. इरफान, दार ठेवलं की लोक दारातून जातात हे खरं. पण दार नसलं की भिंत फोडतात. नितीन डेटाबेस उघडून बसला होता. तुझ्यासारखा नियम करणारा माणूस स्वतः मरणार नाही असं धरून चालतो. मी तसं धरून चालत नाही, माझं कामच आहे ते. तुझं यावर काय उत्तर असतं ते मला ठाऊक नाही. काहीतरी असतं. तू असा सहज गप्प बसणारा नव्हतास.

शुक्रवारी सकाळी पान तयार होतं. "थांबवणारी व्यक्ती उपलब्ध नसल्यास दुसऱ्या व्यक्तीला बिल्ड सुरू करता येते. एजंटला येत नाही. सुरू करणाऱ्याने स्वतः काय तपासले ते आधी लिहावे. ही जागा रिकामी सोडता येत नाही. मग थांबवणाऱ्याचे आणि स्वतःचे नाव घेऊन सर्वांना कळवावे. त्यानंतरची जबाबदारी सुरू करणाऱ्याची." त्यासाठी लागणारा बदल नितीनने केला, कुरकुरत, पण नीट केला. होल्ड राहिला. तुझा कायदा तुझ्याच घरच्या पळवाटेने वाचला. पळवाट म्हणू नको, म्हणशील. बरं, नाही म्हणत.

पान प्रसिद्ध करायच्या आधी त्यातली प्रत्येक पायरी मी स्वतः करून बघते, हे तुला माहीत आहे. तेव्हा हीही मलाच करायची होती. काय तपासलं त्या जागेत मी लिहिलं: सगळे बदल वाचले, गोदामात मोजून बघितलं, घरी विचारलं, थांबवण्याचं कारण मिळालं नाही. मग कळवायची पायरी आली. ग्रुपवर लिहून भागलं असतं. पण आपांनी जोरात म्हटलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "इरफानचं बिल्ड मी सुरू करते."

माझा आवाज तुझ्यासारखा नाही. तरी पलीकडच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण तिकडचा टायपिंगचा आवाज थांबला. नितीन खिडकीबाहेर बघत राहिला. मी बटण दाबलं.

बिल्ड नीट पार पडलं. पडद्यावर सगळं हिरवं. दुपारी गोदामातून फोन आला की यंत्रं चालतायत, कसली तक्रार नाही. म्हणजे एक तर तुला काहीच दिसलं नव्हतं, डोकं जड होतं आणि जाताना मागे काही चालू ठेवायचं नाही या सवयीने तू थांबवलंस. किंवा तुला जे दिसलं ते मला दिसलं नाही, आणि ते अजून तिथेच आहे, कुठल्या तरी रांगेत. दोन्हीपैकी कुठलं, ते मला आता कळणार नाही. बिल्डच्या इतिहासात एक ओळ राहिली: थांबवले, इरफान. सुरू केले, रेखा. पुढे काय झालं तर माझ्यावर.

नंतर मी दुसऱ्या पानाचं काम काढलं. तीन वाजून गेले असतील. ग्रुपवर एजंटचा तीनचा निरोप आला नव्हता. मी फोन उचलून बघितला. रेंज होती.